पायरीवरून वर केलेला हात

सरपंचांच्या ओटीवर सतरंजी, तिच्यावर चार खुर्च्या आणि एक बाक. माझी जागा पायरीवर. पहिल्या पायरीवर सगळ्यांच्या चपला, म्हणून मी दुसरीवर.

मी ग्रामपंचायतीची मेंबर. निवडून आलेली. जागा हरिजनांसाठी राखीव होती, पण मतं खरी होती. आमच्या महारवाड्यातल्या बाया मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिल्या होत्या. अस्पृश्यता कायद्याने संपली, असं मास्तरांनी आम्हाला घटनेतून वाचून दाखवलं होतं.

पहिल्या सभेला मी सरळ ओटीवर चढायला निघाले. सरपंच हसत म्हणाले, "बाई, हे माझं घर. आत आई असते. पंचायतीची कचेरी झाली की तुला खुर्ची."

एक मेंबर म्हणाला, पायरीवर वारा चांगला लागतो. सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून डाचतं.

मग मी पायरीवरचा संसार नीट लावला. माझी सवयच ती. पिशवीत बसायला गोणपाट, सहीला टाक, दौत, टिपायला फडकं. टाक घरून न्यायचा, कारण माझ्या हातात गेलेला टाक कोणी परत घेत नसे. चिटणीस सहीचं पुस्तक पायरीवर ठेवून मागे सरकायचा. आतलं बोलणं निम्मं कळायचं. रस्त्याने केळीची गाडी गेली की तेही नाही. आत हात वर झाले की मी हात वर करायची. वाड्यात येऊन सांगायची, सभा चांगली झाली.

त्या दिवशी मात्र एक शब्द स्वच्छ ऐकू आला. कचेरी. पंचायतीची कचेरी बांधायची. माझ्या डोळ्यांपुढे खुर्ची आली. आतल्या कोणाच्याही आधी माझा हात वर गेला.

सरपंच वळून म्हणाले, "बघा, बाईंचा हात सगळ्यांच्या आधी. लिहा, एकमताने."

एवढा मान त्यांनी मला कधी दिला नव्हता. पुस्तक पायरीवर आलं. मी सही केली. वाचता येत होतं. वाचलं नाही.

पुढच्या आठवड्यात मातीच्या गाड्या आमच्या बावखलाशी येऊन थांबल्या. हे तळं आमच्या वाडवडिलांनी खणलेलं, वाड्याचं पिण्याचं पाणी. गावच्या विहिरीला आमची घागर चालत नव्हती. कचेरीची जागा हीच ठरली होती.

शेजारची भागीकाकी रिकामी घागर घेऊन गाडीसमोर उभी होती. गाडीवाल्याने तिला सांगितलं, तुमच्याच मेंबरीणबाईंनी पहिला हात वर केला. काकी माझ्याकडे वळली. ओरडली नाही.

"तू काय इचारलं नाय?"

"काकी, मी पायरीवर असते. ऐकू येत नाही."

"मंग हात कशाला वर केलास? तुला पानी राखायला धाडली व्हती आमी."

पुढच्या सभेला मी पिशवी नेली नाही. पहिल्या पायरीवर चपला काढल्या, वर चढले आणि बाकाच्या टोकाला बसले. बाकावरचे दोघे उठले. सरपंच म्हणाले, कचेरी होईपर्यंत दम धर. आतून त्यांच्या आईने विचारलं, ओटी आता धुवायची की सभा झाल्यावर.

मी चिटणीसाला म्हटलं, "मागचा ठराव वाचा. जागेसकट."

त्याने वाचला. आमचं पाणी त्यात 'पडीक डबकं' होतं. खाली माझी सही होती, नीट, डाग न पडता टिपलेली.

"हा हात मी खाली घेते," मी म्हणाले. "'एकमताने' हा शब्द खोडा."

चिटणीसाने सरपंचांकडे पाहिलं. मग त्याने खोडलं आणि वर 'बहुमताने' लिहिलं. मी त्याचाच टाक उचलून सही केली.

बावखल बुजलं ते बुजलंच. भागीकाकी आता लांब बोळिंज गावाच्या वाटेवरून पाणी आणते. मी घागर धरायला गेले तर ती हात झटकते.

कचेरी झाली. मला खुर्ची मिळाली. पावसाळ्यात तिच्या पायांशी फरशीला ओल येते. बाकीचे म्हणतात, बांधकाम कच्चं आहे. ती ओल कुठली, ते मला माहीत आहे.

ठराव पूर्ण वाचल्याशिवाय आणि जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आता माझा हात मांडीवरून उठत नाही. येत्या सभेचा पहिला विषय मी दिला आहे: गावच्या विहिरीवर आमची घागर. हात कमी पडतील, मोजायची गरज नाही. ठराव होवो न होवो, दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या विहिरीत दोर सोडणार आहे. पहिली घागर भागीकाकीच्या दारात उतरवीन. ती माझ्याशी बोलो न बोलो.