डाव्या हाताची नाडी

लग्नानंतर वर्षभरातच माझा डावा हात दमायला लागला. कपडे वाळत घालताना तो मध्येच जड व्हायचा, खाली घेतला की बरा वाटायचा. चाकणच्या कंपनीत मी तपासणी विभागात होते. शिफ्टचा शीण असेल, असं धरून चालले. मग कंपनीच्या आरोग्य तपासणीत नर्सला त्या हाताची नाडीच सापडेना. उजव्या हाताचा रक्तदाब मात्र बराच वाढलेला.

पिंपरीला मोठ्या डॉक्टरांकडे सासूबाई सोबत आल्या. भोसरीच्या जुन्या शेतकरी घरातल्या त्या. डॉक्टरांपुढे सहसा गप्प बसायच्या. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांचा दाब घेतला, मानेला नळी लावून ऐकलं, मग स्कॅन काढायला लावला.

स्कॅन पाहून त्या म्हणाल्या, "हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज आहे. हे स्कॅनमध्ये दिसलं, म्हणूनच आता आजाराचा प्रकार ठरवायला लक्षणांचे गुण मोजायचे. बाईमाणूस, हात दमणं, नाडी क्षीण, दोन हातांच्या दाबात फरक, मानेत येणारा आवाज, प्रत्येकाला गुण."

"पोरीला लई पडलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"पुरेसे पडले, आजी. पण गुणांवरून आजार किती मोठा ते ठरत नाही. कुठल्या प्रकारचा, एवढंच कळतं. औषध आहे याला."

"मग द्या की," त्या म्हणाल्या आणि माझा गार हात आपल्या पदराखाली घेतला.

गोळ्यांनी माझा चेहरा सुजला. हात वर धरवत नव्हता, तेव्हा वेणी सासूबाई घालायच्या. मूल इतक्यात नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ते कुणाला कसं सांगायचं, या विचाराने मी खचले होते.

दिवाळीत चुलत सासूबाईंनी विषय काढलाच. "पाळणा कधी हालायचा?"

सासूबाई करंज्या भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीच थांबाया सांगितलंय. मला घाई न्हाई."

त्यानंतर कुणी विचारलं नाही. पुढे रक्तवाहिन्यांची सूज उतरली, गोळ्या कमी झाल्या. डाव्या हाताची नाडी अजून बारीकच आहे, पण हल्ली ती लागते.