धरणाच्या पाण्याखाली आमची विहीर

मित्रहो, माझा मुलगा आणि सून हौशी स्कूबावाले. आज सकाळी नाशिकजवळच्या धरणात उतरून फोटो काढून आले. जेवताना सुनेने मोबाईल माझ्या आईपुढे धरला. हिरवट पाण्यात दगडी विहीर, तिच्या काठावर सून बसलेली.

ती आमच्याच गावची विहीर. सत्तरच्या दशकात गाव धरणात गेलं. आम्हा बौद्धांना तिला शिवायची बंदी होती. कुणी वरून पाणी ओतलं, तरच आमची घागर भरायची.

गाव सोडायच्या दिवशी बाकीचं गाव आधीच निघून गेलं होतं. तरी आई सवयीने घागर घेऊन लांब उभी राहिली. ओतायला कुणीच नव्हतं. मी दहा वर्षांचा, मीही पुढे झालो नाही. रिकामी घागर घेऊन आम्ही ट्रकमध्ये चढलो.

आईने फोटो डोळ्यांजवळ नेला. "काठावर बसलीस गं?"

"हो आजी."

"कुणी काय म्हणलं नाय?"

"पाण्याखाली कोण म्हणणार?" सून हसली. आई हसली नाही.

मी जन्मभर सभांमधून समतेवर गरजलो. पण गाव सोडायच्या त्या दिवशी विहिरीवर कुणीच नव्हतं. मग आम्हाला अडवलं कुणी? तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे विचाराल का?