खंडेनवमीचा रिमोट

आमच्या घरात टीव्ही सगळ्यांचा होता, पण रिमोट फक्त बाबांचा. आधी टीव्हीचा एक आणि सेट-टॉप बॉक्सचा एक असे दोन होते आणि आई हमखास चुकीचा उचलायची. मग बाबांनी धामणकर नाक्यावरून दोन्हींना चालणारा युनिव्हर्सल रिमोट आणला. सोबतच्या चिटोऱ्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत कोड छापले होते. बाबा भिंग घेऊन दोन दिवस एकेक कोड दाबत बसले. टीव्ही लागला तेव्हा त्यांनी आवाज इतका वाढवला की शेजारच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या. मग रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि वर दोन रबरबँड चढले. बटणांवरचे आकडे दिसेनात, पण धुळीची काय बिशाद होती आत जायची.

त्यांचा आनंद मला कळत होता. नारपोलीतल्या कारखान्यात ते जन्मभर जॉबर होते, म्हणजे कापड विणायचे लूम बिघडले की दुरुस्त करणारे. बाहेर चहा पितापिता नुसत्या आवाजावरून कुठल्या लूमचा धोटा अडकतोय ते सांगायचे. त्याच आवाजाने त्यांचे कान निम्मे गेले, ते वेगळं. मग शेठने जुने लूम भंगारात काढले, बाबा घरी बसले आणि त्यांची पान्यांची पेटी पलंगाखाली गेली. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या हातांनी चालू केलेली एकच वस्तू म्हणजे हा रिमोट.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. हत्यारं पुजायचा दिवस. दरवर्षी बाबा सकाळीच पेटी काढून पाने रॉकेलने पुसायचे आणि आई त्यांना हळदकुंकू लावायची. या वेळी आईने दोनदा विचारलं.

"आता कसली हत्यारं? काम न्हाय, धाम न्हाय," असं म्हणून बाबा पेपरात तोंड खुपसून बसले.

आईने ताट घेतलं आणि जे समोर येईल ते पुजलं. मिक्सर, फ्रिज, शिलाई मशीन, माझी स्कूटी, इतकंच काय, विजेचा मीटरसुद्धा. दुपारपर्यंत घरभर लाल टिळे आणि झेंडूची फुलं झाली होती.

संध्याकाळी आईच्या मालिकेची वेळ झाली. बाबांनी ऐटीत रिमोट धरला, बटण दाबलं. टीव्ही ढिम्म. पुन्हा दाबलं, मग अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबलं. मग आमच्या घरातले सगळे उपाय झाले. रिमोट तळहातावर आपटला, सेल काढून उलटसुलट फिरवले, पँटवर घासले, भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून घातले. घड्याळ बंद पडलं, टीव्ही लागला नाही. बाबांनी पिशवीचे रबरबँड सोडले, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला समजलं.

"सेल काढले ना तुम्ही, कोड उडाला असेल," मी म्हणाले. मला धीर धरता येत नाही आणि सल्ले मात्र सुचतात. बाबांनी पुन्हा भिंग घेतलं, चिटोरा उलगडला, लिहून ठेवलेला कोड तीनदा दाबला. काही नाही. मग त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि आपल्या हातांकडे पाहत म्हणाले, "माझाच हात गेला आता. टाकून दे, नवीन घेऊ."

ज्या माणसाने कधी कुठलं मशीन 'टाकून दे' म्हटलं नव्हतं, तो आज ते म्हणत होता. मालिका गेली खड्ड्यात. त्या रिमोटने चालायलाच हवं होतं, आणि तेही बाबांच्याच हाताने. मी त्यांना जवळजवळ ओढतच शेअर रिक्षात बसवलं.

नाक्यावरच्या दुकानदाराने रिमोट हातात घेतला, मोबाइलचा कॅमेरा त्याच्या टोकासमोर धरला आणि बटण दाबलं. मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नव्हता.

"चचा, रिमोट एकदम चालू है," तो म्हणाला. "लाइट मार रहा है, देखो."

बाबांनी पुन्हा दाबायला लावलं, मग पुन्हा. चौथ्यांदा स्वतः दाबलं. दुकानदार हसत होता. परतीच्या रिक्षात बाबा ट्रकच्या गर्दीकडे बघत बसले होते. मधेच माझ्याकडे वळले.

"हा बोलतोय," ते म्हणाले. "म्हणजे ऐकणारा बहिरा हाय. माझ्यावानी."

आणि स्वतःच मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी हसले होते ते.

घरी आल्यावर त्यांनी कशालाच हात लावला नाही. टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि कारखान्यात प्रत्येक बंद लूमपुढे विचारायचे तोच प्रश्न विचारला. "बंद पडायच्या आधी शेवटचा हात कोणी लावला?"

"हात कोण लावतंय तुमच्या टीव्हीला?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "मी पूजा केली फक्त."

बाबा वाकले. टीव्हीच्या चौकटीखाली मधोमध रिमोटचं ऐकणारा छोटा काळा गोल असतो ना, त्यावर हळदकुंकवाचा जाड टिळा, वर तांदळाचा दाणा. खालच्या बॉक्सच्या काचेवरही तसाच. दिवसभर घरात इतके टिळे होते की हे दोन कुणाच्या नजरेत भरलेच नाहीत.

"तिथंच कशाला लावलंस?"

"गोल जागा दिसली," आई म्हणाली. "मला वाटलं, टिळ्यासाठीच ठेवली हाय."

मी हसून हसून खाली बसले. बाबा पुसायला गेले तर आईने त्यांचा हात धरला. सणाचं कुंकू असं पुसायचं नसतं. तिने स्वतः पदराने दोन्ही टिळे टिपले आणि बोटभर बाजूला पुन्हा लावले. बाबांनी बटण दाबलं. टीव्ही असा ओरडला की आईच्या हातातलं कुंकू सांडलं.

"पण टीव्ही कशाला पुजायचा, आई?" मी आवाज कमी करत विचारलं.

ती खाली पडलेलं कुंकू गोळा करत होती. "दरसाल ह्यांची पेटी पुजते. औंदा काढलीच न्हाय. मग ह्यांच्या हाताने चालू झालेलं घरात दुसरं काय हाय?"

बाबांनी ते नीट ऐकलं की नाही, मला आधी कळलं नाही. त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला, गुडघ्यांवर बसले आणि पलंगाखालून पेटी ओढून काढली. जुन्या चड्डीचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून एकेक पाना पुसायला लागले. मालिका चालू होती आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. आई ताट घेऊन त्यांच्याशेजारी बसली, बोटावर कुंकू घेतलं आणि पहिल्या पान्यावर कुठे लावावं म्हणून थांबली.

"यांना कुठंही लाव," बाबा म्हणाले. "हे बंद पडत न्हायत."