बुरुजाच्या पायथ्याची माती

आमच्या गावातल्या गढीचा उत्तरेकडचा बुरूज मे महिन्यातल्या एका सकाळी कोसळला. कोणी जखमी झाले नाही.

गाव झरीच्या पुढे आहे. गढी मातीचीच, वाडा कधीच गेला होता, उरला होता तो उंचवटा आणि हा एक बुरूज. तिथली पांढरी माती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पसरली की पावसाळ्यात घर गळत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात गाव ती नेत असे. नियम एकच होता: आपोआप ढासळलेली माती भरायची, उभ्या भिंतीला टिकाव लावायचा नाही. माझे थोरले चुलते तो सगळ्यांना ऐकवत. लोक त्यांना गढीचे जावई म्हणून चिडवत, पण ऐकत.

बुरूज पडण्याआधीच्या आठवड्यात मी आईच्या माळवदासाठी ट्रॅक्टर घेऊन गेलो. तेव्हा मी परभणीत बातमीदार होतो आणि दुपारी परतायचे होते. ढासळलेली माती पलीकडे, बाभळींच्या आड होती. ट्रॉली तिथवर जाईना. मी मजुरांना बुरुजाच्या पायथ्याशीच खणायला सांगितले. एकच ट्रॉली भरली. चुलते त्या दिवशी पोखर्णीला देवदर्शनाला गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यातून शेजाऱ्यांनी माती नेली. चुलत्यांनी अडवले तेव्हा, तुमच्या पुतण्यानंच सुरुवात केली, असे त्यांना सांगण्यात आले. त्यानंतर ते कोणाला अडवायला गेले नाहीत. सहाव्या दिवशी बुरूज पडला.

बातमी मीच दिली. बुरूज जीर्ण झाल्याने कोसळला, असे चार ओळींत लिहिले. खड्ड्याचा उल्लेख केला नाही. तलाठ्याच्या पंचनाम्यातही पुढे तेच कारण आले.

पुढच्या रविवारी चुलत्यांनी मला ओट्यावर बसवले. चहा दिला. बातमी कोणी लिहिली, असे विचारले. मी, म्हणालो.

"खड्ड्यापायी तुझं नाव नको घालूस, मी बी कुठं सांगायलोय. पण बुरुजाला म्हातारा कशाला म्हणलास? लय धडधाकट होता त्यो."

मी पेपरात दुरुस्ती देतो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि कप आत नेला.

दोन वर्षांनी चुलते वारले. गढीच्या जागी आता कमरेएवढा उंचवटा आहे. दुरुस्ती मी दिली नाही.