परदेशात नाव लावताना

आमच्या ऑफिसात फायली कमी आणि किस्से जास्त! फाईल निकाली निघाली की कपाटात जाते. किस्सा मात्र चहाच्या टेबलावरच राहतो आणि दर वेळी सांगताना थोडा फुगतो. मी सांगतेय त्यात फुगवलेलं फारसं नाही. म्हणजे, चवीपुरतं.

ऑफिस नांदेडला, वजिराबादेत. पाठक सर आमचे सीनियर वकील, मी त्यांची ज्युनिअर. काम ट्रेडमार्कचं. कुणाच्या मसाल्याचं, पापडाचं, क्लासचं नाव दुसऱ्यानं उचलू नये म्हणून ते सरकारदरबारी नोंदवून द्यायचं. पूर्वी लोक भारतापुरतं बघायचे. आता प्रत्येकाचा कुणीतरी भाचा दुबईला असतो, नाहीतर मुलगी अमेरिकेत. माल तिकडं जातो आणि मग नावालाही मागोमाग पाठवावं लागतं.

*

धर्माबादचे व्यंकटराव मिरची पावडरचे व्यापारी. ते जिना चढायला लागले की आम्हाला वर शिंका सुरू होतात. त्यांच्या पावडरचं नाव ‘ठसका’. भारतात रजिस्टर झालेलं. सर त्यांना समजावत होते, की दुबईत माल विकायचा तर तिथं वेगळा अर्ज करावा लागेल.

“कामून? सरकारी शिक्का हाय की ह्याच्यावर!”

सर म्हणाले, “व्यंकटराव, तुमच्या शेताचा सातबारा पलीकडं तेलंगणात चालतो का?”

व्यंकटरावांनी विचार केला. “सातबारा न्हाई चालत. पण आमची म्हैस चालते की! रोज तिकडं चरून येते. आजवर तिला कुणी कागद इचारला न्हाई!”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तुमची म्हैस सोडून बाकी सगळ्यांना कागद लागतो.”

अर्ज केला. तिकडं नावाचा अरबीत अर्थ द्यावा लागतो. मी लिहून दिलं, ‘ठसका म्हणजे तिखटानं येणारा खोकला.’ भाषांतर करणाऱ्यानं तिखट गाळलं आणि खोकला तेवढा ठेवला! दुबईच्या एजंटाची ईमेल आली : “आपले क्लायंट खोकल्याचं औषध विकतात का? तसं असेल तर अर्ज औषधांच्या वर्गात करावा लागेल.”

मी व्यंकटरावांना फोन लावला.

“वर्ग बदलू नका, मॅडम. पण त्याला म्हना, औषध म्हनून बी चालतंय. एक चमचा खाल्ला की मानूस खोकला इसरतो, नुसतं पानी मागतो!”

हे काही मी कळवलं नाही. अर्थ नीट लिहून पाठवला आणि सोबत व्यंकटरावांच्या आग्रहाखातर एक पाकीटही. बरेच दिवस एजंटाचं उत्तर नाही. मग एकच ओळ आली.

“आता अर्थ समजला.”

*

लातूरचे कदम सर म्हणजे कोचिंग क्लासवाले. आखाती देशांतली आणि सिंगापूरची मुलं त्यांच्याकडं ऑनलाइन शिकतात. क्लासचं नाव ‘अव्वल’. सिंगापूरला अर्ज केला तर उत्तर आलं, की हा शब्द नुसती स्वतःची स्तुती आहे, तो एकट्याच्या नावावर करता येणार नाही. मी फोनवर सांगितलं, “सर, तिथल्या परीक्षकांनी हरकत घेतलीय.”

माणसाचं सगळं आयुष्य परीक्षांत गेलेलं. त्यांना एकच शब्द ऐकू आला.

“परीक्षकांनी? किती मार्क दिले?”

“मार्क नाही हो, हरकत!”

“तेच ते. रीचेकिंगला टाकू. आधी फोटोकॉपी मागवा!”

संध्याकाळपर्यंत त्यांनी त्यांच्या टॉपर पोरांच्या फोटोंची सगळी पोस्टरं पुरावा म्हणून पाठवली. एवढे हसरे चेहरे आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच आले! शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. क्लासच्या बोधचिन्हातल्या दिव्याच्या चित्रासकट नाव मंजूर, पण नुसत्या ‘अव्वल’ शब्दावर हक्क नाही. कदम सरांना कळवलं.

“म्हणजे ग्रेस मार्कावर पास झालो म्हणा की!”

*

लातूरकडच्या मुरुडच्या सुरेखाताईंचा काळा मसाला. कृती सासूबाईंची, धंदा सुनेचा आणि पाकिटावर फोटो सासूबाईंचा. नऊवारी, ठसठशीत कुंकू, नजर थेट गिऱ्हाइकावर! अमेरिकेत अर्ज करायचा होता. तिथं नियम असा, की बोधचिन्हात हयात माणसाचा चेहरा असेल तर त्याची लेखी संमती हवी.

“एक सही तर हाय,” सुरेखाताई म्हणाल्या. पण आवाज पडलेला. सासूबाई महिनाभर धड बोलत नव्हत्या. वर्तमानपत्रात सुनेचं कौतुक छापून आलं, त्यात सासूचं नाव नव्हतं. म्हणून मीच कागद घेऊन मुरुडला गेले.

आजी खाटेवर बसल्या होत्या. मी काय ते सांगितलं. त्यांनी सुनेकडं बघितलं.

“माझं तोंड अमेरिकेत इकायलीस, आन मला आत्ता इचारायलीस?”

“आत्याबाई, फोटो घेताना तुमाला इचारलं होतं की.”

“इचारलं नव्हतंस. सांगितलं होतंस.”

सुरेखाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, “आजी, अमेरिकेचं सरकार म्हणतंय, तुमची परवानगी असल्याशिवाय आम्ही पुढं जाणार नाही.”

आजी ताठ झाल्या. “कोन म्हनतंय?”

“अमेरिकेचं सरकार.”

त्यांनी पदर सावरला. सुनेकडं वळून म्हणाल्या, “बग, त्यास्नी कळतंय!” मग सुनेला पाणी प्यायला लावलं, जवळ बसवून घेतलं आणि एकेक अक्षर कोरत पूर्ण नावाची सही केली. कागद माझ्या हातात देताना फोटोकडं बोट दाखवलं.

“पर ह्यो फोटू बदला. ह्यात मी लई सासू दिसायले!”

*

आणि आता हदगावचे माधवराव. त्यांची ‘सोनपिवळी’ हळद. शेतात पिकवायची, गावातच दळायची, पाकिटं शारजाच्या एका व्यापाऱ्याला पाठवायची. काही वर्षं बरं चाललं. मग त्या व्यापाऱ्यानं तेच पाकीट, तेच नाव तिकडं गुपचूप स्वतःच्या नावावर रजिस्टर केलं आणि उलट माधवरावांनाच नोटीस धाडली, की हे नाव वापरू नका!

माधवराव आमच्याकडं आले, नोटीस टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, माझ्याच लेकराला मी बाप न्हाई म्हनून सांगून राहिले.”

केस केली. तिथल्या वकिलामार्फत कागदपत्रं दिली, जुनी बिलं दिली. समोरचा हटेना. शेवटी तडजोड होते का बघावी म्हणून व्हिडिओ कॉल ठरला. आमच्या टेबलाशी सर, मी आणि इस्त्रीचा शर्ट घालून आलेले माधवराव. पडद्यावर तो व्यापारी आणि त्याचा वकील. दोघांनाही मराठीचा गंध नाही.

त्या वकिलानं पाकिटाचा फोटो दाखवला आणि इंग्रजीत रुबाबात सांगायला लागला. ही अक्षरं, ही पानांची किनार, खालची ही बारीक नक्षी, सगळं आमच्या क्लायंटनं स्वतः डिझाइन करून घेतलंय!

मी माधवरावांना मराठीत सांगितलं. ते पडद्याजवळ सरकले.

“खालची काय म्हनला?”

“नक्षी.”

“त्यांना म्हना, ती नक्षी जरा फोनवर लावून बघा.”

मी सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली. मग मी त्या ‘नक्षी’तला एकेक मराठी आकडा इंग्रजीत वाचत गेले, आधी भारताचा कोड सांगितला. पलीकडं वकील हसत हसत मोबाईलवर बटणं दाबत होता.

आणि इकडं माधवरावांच्या खिशात रिंग वाजली.

त्यांनी सवयीनं फोन काढला, कानाला लावला, आणि म्हणाले, “हॅलो, सोनपिवळी हळद, हदगाव. बोला, किती पोती पाठवू?”