मी काढून टाकलेल्या ओळी

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही हसलात, "आजी, तू खरंच सी भाषेत प्रोग्राम लिहायचीस?" लिहायचे. आणि एकदा माझ्या टापटिपीपायी एका माणसाचं कित्येक वर्षांचं काम कचऱ्यात जायची वेळ आली होती.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात आमच्या कॉम्प्युटर विभागात रुळांच्या वजनाचा रोजचा अहवाल काढणारा प्रोग्राम होता. तो लिहिणारे सिनियर निवृत्त झाले होते. प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर आला, आणि जुना प्रोग्राम त्यावर चालवून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला त्यांनी सरासरी काढणाऱ्या फंक्शनची तीच ओळ लिहिलेली: उत्तर दशांशात येणार ही खूण, नाव आणि पुढे रिकामे कंस. मला तो पसारा वाटला. सगळ्या ओळी काढून मी एका हेडर फाईलमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठीच्या सामायिक फाईलमध्ये, एकच ओळ लिहिली, कंसात व्यवस्थित 'फ्लोट', म्हणजे दशांशाचा आकडा, असं घातलं. कंपायलर अडला: वरची ओळ आणि खालचं फंक्शन जुळत नाही.

मी साहेबांना सांगितलं, "सर, पुराना कोड बहुत बिखरा हुआ है।"

"तो फेंक दीजिए। सोमवार तक नहीं चला तो नया लिखेंगे।"

शेजारच्या टेबलावरून सहकारी म्हणाला, "मॅडम, ते ओळच उडवा ना! कावून डोकं लावून राहिल्या?" उडवली. एरर गेली. पण जुन्या अहवालाच्या कागदाशी ताडून पाहिलं, तर सरासरीच्या जागी भलतेच आकडे.

रविवारी कागद घेऊन भिलाईजवळच्या जुनवानीला त्या सिनियरांच्या घरी गेले.

"बाई, माह्या ओळी कावून काढल्या?" ते हसले. "ओळ नसली तं मशीन समजते, उत्तर पूर्णांकच येईल. आन जुन्या पद्धतीच्या फंक्शनले फ्लोट पाठवला, तं वाटेतच त्याचा डबल, म्हंजे दुप्पट जागेचा दशांश, होते. तुमी वर लिहिलं, फ्लोटच देईन. मंग भांडण होईलच न! तुमचं हेडर चांगलं आहे. फंक्शनबी नव्या पद्धतीनं लिहा, आन हेडर सगळ्या फायलींले जोडा." मग त्यांनी विचारलं, "साहेब काय म्हणते? आवडला ना प्रोग्राम?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

सोमवारी सकाळी त्यांनी सांगितलं तसे बदल केले, आणि सरासरी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. साहेबांसमोर उभी राहिले. "सर, कोड ठीक था। गड़बड़ मैंने की थी।"

"अब चल रहा है?"

"जी।"

"तो रहने दीजिए," म्हणून ते फाईल वाचू लागले.

साहेब तो प्रोग्राम फेकायला निघाले होते आणि तेही माझ्या बोलण्यावरून, हे जुनवानीला जाऊन सांगायचं धाडस मात्र कधी झालं नाही.