बेटावरची शिरगणती

आयर्लंडमधल्या ट्रलीहून निघालो तेव्हा गाडीत चौघं होतो: मी, नवरा नितीन, सात वर्षांची ईरा आणि आई. आई २०२० च्या मार्चात साताऱ्याहून महिनाभरासाठी आली, विमानं बंद झाली आणि पुढचा ऑगस्ट सरत आला तरी आमच्याकडेच होती. आम्ही दोघंही इस्पितळात राबणारे डॉक्टर, त्यामुळे तिच्या अडकण्याबद्दल आमचं दुःख जरा तोंडदेखलंच होतं.

होडीवाल्या डोनलने ईराचं भाडं घेतलं नाही. बेटावर उतरताच दोन आज्या तिच्यासाठी केक घेऊन उभ्या. किती लाघवी लोक, मी मनात म्हटलं.

मुक्काम डोनलकडेच होता. त्याची बायको सीना निऊएची (पॅसिफिकमधला इवलासा देश). तिने जेवायला ओटा (नारळाच्या दुधातला कच्चा मासा) केला होता. आईने तो गुपचूप कढईत घालून शिजवला. सीना हसून हसून बेजार झाली.

मग आईने तिचा ठेवणीतला प्रश्न काढला, "किती लेकरं तुला?" मी नेहमीसारखी मान खाली घातली. ईराने इंग्रजीत सांगितलं, आणि सीनाचं हसू मावळलं. एकच, ओर्ला. निऊएत राहतात त्याच्या कितीतरी पट निऊएकर न्यूझीलंडमध्ये आहेत, घरं रिकामी पडलीत. आता इथेही तेच. शाळेत ओर्ला एकटी उरली होती. सप्टेंबरात दुसरं मूल आलं नाही तर शाळेला कुलूप, आणि लेकीसाठी यांनाही बेट सोडावं लागणार.

"एक बेट सोडून आले," सीना म्हणाली. "दुसरं सोडायचं बळ नाही माझ्यात."

केकचा उलगडा झाला. आम्ही बेट बघायला आलो होतो आणि अख्खं बेट आमची मुलगी बघत होतं.

मी ड्युट्यांची कारणं सांगू लागले. आईने मला थांबवलं. "तू जा की कामाला. दिवाळीपत्तर मी ऱ्हाते हितं पोरीसंगं."

"इट्ल बी ग्रँड, मम्मी," ईरा म्हणाली, म्हणजे सगळं छान होईल. माझ्याशिवाय तिचं भागेल याचा मला भयंकर राग आला. पण सीना ओर्लाची वेणी घालता घालता माझ्याकडे बघत होती, आणि माझ्याच्याने नाही म्हणवेना.

परतीच्या होडीत आम्ही दोघंच. लोकसंख्या म्हटलं की ती आटोक्यात कशी ठेवायची, एवढंच आम्हाला शाळेत शिकवलेलं. बेटाची दोनने वाढली, आमच्या घराची निम्मी झाली. घरात शिरल्यावर मला रडू आलं.

आठवडा झाला नसेल, आईचा फोन आला. "शेजारचं घर रिकामं हाय. अन् हितं डागदर बी न्हाई. बघा दोघं."